चौतिसावा मजला

बिली बटलिन हा माणूस इंग्लंडमधल्या कामगारांना समुद्रकिनाऱ्यावरच्या स्वस्त सुट्ट्या विकायचा. जन्म केपटाउनचा, तरुणपण जत्रेत रिंगा फेकायच्या स्टॉलवर गेलेलं. १९३६ साली स्केग्नेस इथं त्यानं पहिला हॉलिडे कॅम्प काढला. ठरावीक पैशात राहणं, खाणं, करमणूक सगळं, आणि पाहुण्यांना सकाळपासून हसत-खेळत ठेवायला लाल कोट घातलेली पोरं-पोरी. वरच्या वर्गातल्या इंग्रजांनी या प्रकाराला भरपूर नाकं मुरडली. आणि याच माणसाच्या कंपनीला ब्रिटिश टपालखात्यानं लंडनमधल्या सगळ्यात उंच इमारतीच्या चौतिसाव्या मजल्यावर रेस्टॉरंट चालवायला दिलं. रेस्टॉरंट गोल फिरणारं. नाव साधंच, ‘टॉप ऑफ द टॉवर’. १९ मे १९६६ रोजी पोस्ट ऑफिस टॉवर लोकांसाठी उघडला तेव्हा समारंभाला एका बाजूला पोस्टमास्टर जनरल टोनी बेन, म्हणजे पक्का डावा मंत्री, आणि दुसऱ्या बाजूला जत्रेतून वर आलेला हा बटलिन.

माझा मामा या जोडीवर बेहद्द खूश होता. त्याची सगळी नोकरी त्याच खात्याच्या टेलिफोनच्या बाजूला गेली. तो म्हणायचा, सरकारनं आयुष्यात एकदाच डोकं चालवलं. स्वतःच्या कामाच्या खांबावर लोकांना जेवायला बसवलं.

मामा १९६२ च्या वसंतात साताऱ्याहून लंडनला पोचला. त्या वर्षी १ जुलैपासून राष्ट्रकुलातल्या माणसांना परवान्याशिवाय इंग्लंडात शिरता येणार नव्हतं, म्हणून ज्यांना जायचं होतं त्यांची एकच घाई उडाली होती. सुरुवातीला तो फिट्झरॉय स्क्वेअरमधल्या इंडियन वायएमसीएत राहिला. तिथं चपाती मिळायची, आमटीच्या जवळपास जाणारं काहीतरी मिळायचं आणि मुख्य म्हणजे हिंदीतून भांडता यायचं. तिथून हाकेच्या अंतरावर टॉवरचं बांधकाम चालू होतं. आदल्या वर्षी जूनमध्ये सुरू झालेलं. नव्या शहरात ओळखीचं दुसरं काहीच नसल्यामुळे मामा रोज कामावरून येताना त्या बांधकामापाशी थांबायचा आणि रविवारच्या निळ्या विमानाच्या पत्रात आजीला त्याची खबर द्यायचा. या आठवड्यात एवढं चढलं. थंडीमुळे काम मंद आहे. आता आमच्या छपरावरून मान मागे टाकून बघावं लागतं. आजीला इंग्रजी नावं कळत नव्हती, मनोरा तेवढा कळला. तिनं सगळ्या आळीला सांगून टाकलं, आमचा बाळू तिकडं मनोरा बांधतोय. पुढं कितीतरी वर्षं साताऱ्यातली म्हातारी माणसं मामाला इंजिनियर-कंत्राटदारच समजत होती, आणि सुट्टीवर आलेला मामाही तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नसे.

मनोरा कशासाठी, हे मात्र त्यानं मला नीट समजावलं होतं. तोपर्यंत लांब पल्ल्याचे फोन बहुतेक जमिनीखालच्या केबलमधून जात. फोन वाढले, टीव्ही आला, केबल पुरेनात. मग एका शहरातून दुसऱ्या शहरात हवेतूनच मायक्रोवेव्हनं हजारो संभाषणं पाठवायची ठरलं. पण या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये टेकडी आली, उंच इमारत आली की कारभार आटोपला. ‘अजिंक्यताऱ्यावरचा जाळ पलीकडच्या किल्ल्यावर दिसायला हवा ना, तसं,’ मामा म्हणायचा. लंडनभोवतीच्या टेकड्या आणि शहरात नव्यानं उठणाऱ्या इमारती या सगळ्यांच्या डोक्यावरून बघता येईल एवढी उंची हवी होती. म्हणून १७७ मीटरचा खांब आणि वरच्या काठीसकट १८९. खांब गोल, कारण गोल वस्तूला वारा कमी ढकलतो. ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्यातही टोक पंचवीस सेंटिमीटरच्या वर हलू नये असा हिशेब होता. कारण टोक हललं की लहर दुसऱ्या टेकडीवरच्या डिशला चुकणार. खालचे मजले यंत्रांचे. त्याच्यावर उघडा भाग, तिथं कर्णे आणि डिश लटकवलेल्या. त्याच्याही वर प्रेक्षकांचे सज्जे, रेस्टॉरंट, स्वयंपाकघर. एका वेळी दीड लाख फोन आणि चाळीस टीव्ही चॅनेल वाहून नेण्याची या खांबाची ताकद होती. म्हणजे वर माणसं सूप पीत बसलेली असताना त्यांच्या खुर्च्यांच्या खालून अर्ध्या इंग्लंडची बोलणी चाललेली. एरिक बेडफर्ड आणि जी. आर. येट्स या सरकारी वास्तुविशारदांचं हे काम. अंग बारीक ठेवल्यामुळे मोठ्या जिन्याला जागा उरली नाही, तेव्हा आग लागली तर लिफ्टनंच खाली उतरायची परवानगी देणारा खास कायदा संसदेनं केला. जगभर लिफ्टपाशी ‘आग लागल्यास वापरू नये’ अशी पाटी असते. इथं उलटं.

फिरत्या रेस्टॉरंटांची त्या काळात साथच आली होती. जर्मनीत डॉर्टमुंडच्या टॉवरवर १९५९ साली एक झालं, १९६१ मध्ये कैरोत आणि होनोलुलूत, १९६२ मध्ये सिएटलच्या स्पेस नीडलवर. सिएटलची ती अख्खी चकती एका अश्वशक्तीच्या मोटरवर फिरायची, हे ऐकून मी लहानपणी आमच्या विहिरीवरच्या पंपाकडे आदरानं बघायला लागले होते. हौस मात्र जुनी. रोमच्या नीरो बादशहाच्या महालात रात्रंदिवस फिरणारी जेवणाची खोली होती असं सुएटोनियसनं लिहून ठेवलंय. आपल्याकडे पुढं मुंबईत चर्चगेटच्या अ‍ॅम्बेसेडर हॉटेलच्या माथ्यावर आलं, अहमदाबादेत नेहरू पुलाजवळ ‘पतंग’ आलं, दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर ‘परिक्रमा’. मामी एकदा सुट्टीवर आली असताना माझ्या आईला हट्टानं अ‍ॅम्बेसेडरला घेऊन गेली होती. समुद्र छान आहे, पण आमच्याइतकं उंच नाही, असा शेरा मारून आली.

आता ‘आमचं’ का, ते सांगायला हवं.

मामा-मामी टॉप ऑफ द टॉवरमध्ये एकदाच जेवले. लग्नाच्या वाढदिवसाला, माझा मामेभाऊ अजून मांडीवरचा होता तेव्हा. त्याला शेजारच्या गुजराती बाईंकडे ठेवलं होतं. मामाच्या पगाराच्या मानानं तिथलं जेवण म्हणजे उधळपट्टी. मामीनं त्यासाठी महिनाभर घरात मटाराऐवजी कोबी शिजवला, असं मामा सांगायचा. मामी म्हणायची, कोबी तसाही शिजवायचे. ती निघाली अंजिरी नारायणपेठ नेसून, वर मामाचा ओव्हरकोट. लिफ्ट अर्ध्या मिनिटात वर नेते हे मामानं तिला आधी सांगितलंच नाही. कानाला दडे बसले तेव्हा तिनं त्याचा दंड जो धरला तो टेबलापर्यंत.

रेस्टॉरंट फिरतं म्हणजे सगळंच फिरत नाही. मधला गाभा स्थिर, बाहेरच्या काचा स्थिर. त्यांच्यामधला तीनेक मीटर रुंदीचा जमिनीचा पट्टा तेवढा टेबलाखुर्च्यांसकट सरकतो. पूर्ण फेरीला बावीस मिनिटं. मामीला हे ठाऊक नव्हतं. तिनं बसल्या बसल्या आपली पर्स काचेजवळच्या कठड्यावर ठेवली आणि मेन्यूकार्ड उघडलं. त्यातली निम्मी नावं फ्रेंच आणि उरलेली मांसाची. मामी कट्टर शाकाहारी. वेटरला बोलावून मामा एकेका पदार्थाची चौकशी करतोय, वेटर ‘यातही थोडं आहे मॅडम’ असं सांगतोय, आणि शेवटी सूप सोडून उकडलेले बटाटे, मटार आणि आइस्क्रीम यावर तडजोड झाली. मान वर करून बघते तर कठडा रिकामा. मामीचा चेहरा पडला. पर्समध्ये पैसे फारसे नव्हते, पण घराची किल्ली होती, आजीनं दिलेली देवीच्या अंगाऱ्याची पुडी होती आणि बाळाचा फोटो होता. ‘अहो, पर्स गेली.’ पलीकडच्या टेबलावरचा एक म्हातारा इंग्रज हे सगळं बघत होता. त्यानं अगदी शांतपणे सांगितलं, मॅडम, पर्स कुठं गेली नाही; आपण गेलो.

पर्स आणायला मामा उठला असता तर प्रश्न मिटला असता. गोल चालत मागं जायचं, दोनचार टेबलं ओलांडायची, उचलायची. पण लोकांच्या जेवणातून वाट काढत जाणं त्याला अवघड वाटलं. दोघंही बसून राहिले. सेंट पॉल्सचा घुमट गेला, नदी गेली, संसदेचं घड्याळ गेलं, हाइड पार्क आलं. मामीनं यातलं काही बघितलं नाही. ती कठड्यावर नजर लावून बसली होती. मग वायव्य बाजू आली तेव्हा मामानं बोट दाखवलं. लांबवर वेम्बली स्टेडियमचे ते दोन पांढरे बुरुज. ‘त्याच्या अलीकडं आपलं घर.’ मामीनं विचारलं, ‘गच्चीतले कपडे दिसतात का?’ तेवढं दिसत नव्हतं. पण संध्याकाळच्या उन्हात बुरुज स्पष्ट होते आणि त्यांच्या पायथ्याशी कुठंतरी तिचं पोर शेजारणीच्या मांडीवर होतं, एवढं तिला कळलं. तेव्हा कुठं तिनं बटाट्याला काटा लावला. पर्स आली तेव्हा तिच्या शेजारी कुणीतरी वर्तमानपत्र ठेवलं होतं.

ही हकिगत आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की सांगणाऱ्याप्रमाणे तिचे पाठभेद तयार झाले. मामीच्या पाठात तिला वेटरनं हसून टाळी दिली. मामाच्या पाठात तो म्हातारा निवृत्त कर्नल होता. एक गोष्ट मात्र मामा नेहमी शेवटी जोडायचा, पेल्यात काही असलं की हमखास: परदेशी आलेल्या माणसाचं असंच असतं, त्याला वाटतं गाव निघून गेलं, गाव तिथंच असतं, निघून आपण गेलेलो असतो. लहानपणी मला हे फार मोठं बोलणं वाटायचं. आता पटत नाही. कठडा स्थिर होता म्हणून पर्स सापडली. सातारा स्थिर नव्हता. मामा प्रत्येक सुट्टीला आला तेव्हा पोवई नाका वेगळा होता, आळीतली दोन-तीन घरं पडलेली होती आणि कुणीतरी माणूस कमी झालेलं होतं.

त्या काळात इंग्लंडहून फोन येणं म्हणजे सोहळा. आमच्याकडे फोन नव्हता, समोरच्या डॉक्टरांकडे होता. कॉल आधी नोंदवायचा, मग वाट बघायची, कधी सकाळचा नोंदवलेला रात्री लागायचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहाचं भूकेंद्र झालं आणि आवाज एकदम स्वच्छ यायला लागला. मामाला या वाटेचा फार अभिमान. तो मला कागदावर काढून दाखवायचा: आर्वीच्या मोठ्या पांढऱ्या डिशमधून वर, हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे, तिथून खाली, कॉर्नवॉलमध्ये गूनहिलीला, तिथून टेकडी-टेकडीनं लंडनच्या टॉवरवर, टॉवरवरून जमिनीत, वेम्बलीपर्यंत. ‘म्हणजे आईचा आवाज आमच्या हॉटेलच्या खालून जातो बघ.’

उपग्रहाची एक गंमत होती. इतक्या लांब जाऊन यायचं म्हणून आवाजाला मध्ये किंचित उशीर लागायचा. आजी त्या उशिराशी कधीच जमवून घेऊ शकली नाही. ती विचारायची, ‘जेवलास का?’ मग थांबायची. पलीकडून काही नाही. ‘जेवलास का रे?’ तेवढ्यात पहिल्याचं उत्तर यायचं, ‘हो, जेव–’ आणि दुसरा प्रश्न त्याच्या कानावर पडल्यामुळे मामा थांबायचा. दोघंही गप्प. मग दोघंही एकदम बोलायला लागायचे. डॉक्टरांच्या दिवाणखान्यात उभे राहून आम्ही सगळे त्या रिकाम्या जागेत काय चाललंय ते ऐकायचा प्रयत्न करत असू. तीन मिनिटं होत आली की आई मनगटावर बोट आपटून खूण करायची. आजी गेली तेव्हा मामाला असाच कॉल लावला होता, आणि तो लागेपर्यंत अंत्यसंस्कार होऊन गेले होते. मामा फोनवर काहीच बोलला नाही. आईही बोलली नाही. बाकीचे पैसे वायाच गेले म्हणायचे.

टॉवरचं नशीब फिरलं ते ३१ ऑक्टोबर १९७१ च्या पहाटे. रविवार होता. रेस्टॉरंटमधल्या पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या छतात ठेवलेला बॉम्ब साडेचारच्या सुमाराला फुटला. काचा आणि मलबा खाली रस्त्यांवर पडला. वेळ तशी असल्यानं माणूस जखमी झाला नाही. आयरिश बंडखोरांच्या नावानं जबाबदारी घेतली गेली, तशी अँग्री ब्रिगेड या अतिडाव्या गटाच्या नावानंही. प्रेक्षकांचे सज्जे त्यानंतर लोकांना बंद झाले. पहिल्याच वर्षात जवळपास दहा लाख माणसं जिथून शहर बघून गेली होती, ते सज्जे. रेस्टॉरंट मात्र दुरुस्त होऊन पुढं चालू राहिलं, आणि बटलिनचा करार संपला तेव्हा, १९८० साली, बंद झालं. मला या क्रमाचा राग येतो. थोडक्या पैशाचं तिकीट काढून, पोराला खांद्यावर घेऊन बघणाऱ्यांची खिडकी आधी मिटली. जेवणाचे पैसे मोजू शकणाऱ्यांची नऊ वर्षांनी. सुरक्षेचं कारण खरंच असेल. पण भीतीलासुद्धा आधी कुणाला बाहेर काढायचं ते बरोबर कळतं.

मग सुरू झाला तो निव्वळ विनोद. एवढा महत्त्वाचा दळणवळणाचा खांब म्हणून सरकारी कागदोपत्री हा टॉवर गुपितांच्या यादीत होता. शहराच्या कुठल्याही टोकावरून दिसणारा, ज्याची चित्रं असलेली पोस्टकार्डं घाऊक विकली गेली, ज्याच्या माथ्यावरून १९६९ साली ‘डेली मेल’नं न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेटपर्यंत अटलांटिक ओलांडायची शर्यत लावली होती, तो टॉवर. त्या शर्यतीत हवाई दलाचं हॅरियर विमान सेंट पँक्रसजवळच्या कोळशाच्या वखारीतून सरळ वर उठलं होतं आणि मामाच्या कामावरच्या सगळ्यांनी खिडक्यांना गर्दी केली होती. फेब्रुवारी १९९३ मध्ये केट होई या खासदारबाईंनी संसदेत उभं राहून, विशेषाधिकाराचं संरक्षण आपल्याला मिळेल अशी आशा व्यक्त करत, जाहीर केलं की बीटी टॉवर, म्हणजे आपला पोस्ट ऑफिस टॉवरच, अस्तित्वात आहे आणि त्याचा पत्ता ६० क्लीव्हलंड स्ट्रीट असा आहे. मामानं ती बातमी कापून फ्रीजवर लावली. मामी म्हणाली, म्हणजे आपण गुपितात जेवलो.

मी लंडनला शिकायला आले १९८६ मध्ये, म्हणजे सगळं संपल्यावर. टपालखात्यातून टेलिफोन वेगळे निघाले होते, १९८४ मध्ये त्यांचं खासगीकरणही झालं होतं. मामा जागच्या खुर्चीवरून न उठता सरकारी नोकराचा कंपनीचा माणूस झाला होता. टॉवरच्या पायथ्याशी बंद दार आणि पहारेकरी. मला युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरी खायला नेताना मामा बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायचा, आणि गल्ल्यांच्या फटीतून तो खांब डोकावला की ‘तिथं जेवलोय आम्ही’ म्हणायचा. दर वेळी. मामी खिडकीबाहेर बघत पुरवणी जोडायची, ‘बटाटे.’ वरचा मजला अधूनमधून तेव्हाही फिरायचा, कंपनीच्या खास पाहुण्यांसाठी आणि देणगीच्या कार्यक्रमांसाठी, हे त्याला आतून कळलं होतं. त्याची एकच तक्रार होती, की मोटर चालू आहे, खुर्च्या आहेत, खिडक्या आहेत आणि माणसं तेवढी निवडून घेतात. त्यानं स्वतः आमंत्रणासाठी खटपट केली असती तर कदाचित मिळालंही असतं. केली नाही. म्हणाला, तिकीट काढून गेलेल्या जागी वशिल्यानं काय जायचं.

मामी आधी गेली. त्यानंतर ती पर्सची गोष्ट मामानं सांगणं सोडून दिलं. कुणी विषय काढला तर ‘तुलाच चांगली सांगता येते’ म्हणून तो ती माझ्याकडे ढकलायचा. मग मी मामीच्या पाठासारखी सांगायची, आणि तो कर्नलच्या जागी थोडा अस्वस्थ व्हायचा, पण दुरुस्ती करायचा नाही. वेम्बलीचे ते दोन बुरुजही २००३ मध्ये पाडले. नव्या स्टेडियमवर मोठी कमान आली. ‘आता वरून बघितलं तर घर शोधायला सोपं,’ एवढंच त्याचं मत.

२०११ मध्ये मामा युस्टन रोडवरच्या इस्पितळात होता. त्याच्या मजल्याच्या व्हरांड्यातून टॉवर अगदी समोर. त्याच सुमाराला टॉवरवरचे जुने कर्णे आणि डिश उतरवायचं काम चाललं होतं. फायबर केबलनं ते कधीच निकामी करून टाकले होते आणि इतकी वर्षं उन्हापावसात लटकून ते धोकादायक झाले होते. इमारत २००३ पासून वारसायादीत, त्यामुळे काढायलाही परवानगी घ्यावी लागली. मला ते बघवेना. कर्णे गेल्यावर खांबाचा मधला भाग उघडा पडला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जे भरलेलं बघायची डोळ्यांना सवय, तिथं आता नुसते गोल चौथरे. मी काहीतरी हळहळल्यासारखं बोलले. मामा चाकाच्या खुर्चीत, मांडीवर शाल, नाकात नळी. त्यानं बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाला, ‘बोल्ट गंजले असणार. आधीच काढायला हवे होते.’ मग थोड्या वेळानं, ‘मेलेलं सामान आहे ते. वर काही चालू आहे का बघ, दिवे दिसतात का.’ संध्याकाळ झाली होती. चौतिसाव्या मजल्यावर दिवे होते की नाही, काचेवरच्या प्रतिबिंबातून नक्की सांगता येत नव्हतं. मी हो म्हणाले. त्याला नर्सनं औषधाला आत नेलं. पुढच्या महिन्यात तो गेला.

टॉवरला पन्नास वर्षं झाली म्हणून २०१५ च्या ऑक्टोबरात वरचा मजला तीन दिवस लोकांसाठी उघडला. चिठ्ठ्या टाकून २४०० जणांना संधी. मी अर्ज केला होता, चिठ्ठी निघाली नाही. निघाली असती तर मी कुणाबरोबर गेले असते, हा विचार नंतर आला. नवऱ्याला उंचीची भीती आहे. मामेभावाला टॉवरचं काही नाही. तो लंडनमध्येच जन्मला, त्याच परिसरात शिकला, आणि त्याच्या कळत्या वयात ते दार बंदच होतं. तिथं कधीकाळी तिकीट काढून कुणीही जाऊ शकत होतं हे त्याला मी सांगितलं तेव्हा त्याला आधी खरंच वाटेना. त्याच्या आईवडिलांची गोष्ट त्यानं शंभरदा ऐकली होती, पण लहानपणापासून तो तिला मामीच्या काऊ-चिऊच्या गोष्टींच्या रांगेत बसवून होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली की बीटी कंपनीनं टॉवर एमसीआर हॉटेल्स या अमेरिकी कंपनीला विकला. किंमत २७.५ कोटी पौंड. तिथं हॉटेल करणार. न्यूयॉर्कच्या विमानतळावरची टीडब्ल्यूए विमानकंपनीची जुनी इमारत याच कंपनीनं हॉटेलात बदलली आहे आणि ती नीट जपली आहे असं म्हणतात, तेव्हा थोडी आशा धरायला हरकत नाही. पण घाई नाही. आतली दूरसंचाराची यंत्रं हलवायलाच काही वर्षं जाणार आहेत. खोलीचं भाडं काय असेल याचा अंदाज मला आहे, आणि मामाच्या हिशेबात ते कोबीवर भागण्यासारखं नसणार. खासगी मालक, खासगी पाहुणे. टोनी बेन कुठंच नाहीत आणि बटलिनही नाही. पण चौतिसावा मजला परत फिरायला लागला, आणि फक्त जेवायला येणाऱ्यांना वर सोडलं, तर माझा राग निम्मा तरी उतरेल.

बातमी मी मामेभावाला पाठवली. त्याचं उत्तर यायला दोन दिवस लागले. उघडलं तर जाऊ, पैसे मी देतो, पण तू आधी फोन करून शाकाहारी काय मिळतं ते विचारून ठेव. तो स्वतः मटण खातो.